शून्य गाड्यांची वाट

बकरीला ‘अहो’ म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ओमानमधल्या सोहारच्या मागे डोंगराकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर आम्ही दोघं सायकली घेऊन चाललो होतो आणि समोर पंधरा-वीस बकऱ्या वाट अडवून उभ्या. मी तोंडाने ‘हुर्र’ केलं. आमच्या सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोणाच्या सासूबाईंना हुसकावलं होतं. मग सायकलवरून उतरले आणि बकऱ्यांना म्हणाले, ‘‘अहो, जरा सरकता का? आम्हाला पुढे जायचंय.’’ बकऱ्या कसल्या सरकतायत! दहा मिनिटं आम्ही उभे. बकऱ्यांच्या मनात आलं तेव्हा त्या गेल्या, आणि सरांनी मागून ‘‘आभारी आहे’’ म्हटलं. चेष्टा नव्हती हो ती. माणूस खरंच तसा होता. गाढवाला अहो, उंटाला अहो, माझ्यासारख्या वीस वर्षांनी लहान माणसालाही अहो.

आमचा कारखाना सोहारच्या औद्योगिक वसाहतीत. धातू वितळवायचा कारखाना. तिथे येणारी चुनखडी, खडी, कोळसा ठरलेल्या आकाराचा आहे की नाही हे चाळून बघायचं खातं सरांकडे होतं. मी मीटर आणि वायरीवाला. ते नाशिकचे, साठीच्या जवळ आलेले, उंच, वाळकुडे, बोलताना चष्मा शर्टाच्या टोकाने पुसत राहणारे. बावीस वर्षं ओमानमध्ये काढली होती आणि गेली बारा वर्षं एकटे राहत होते. आम्ही त्यांना सर म्हणायचो. ओमानी कामगार म्हणायचे ‘बाबा सैकल’.

सैकल का, तर त्यांच्याकडे खडीवर चालवायची सायकल होती. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, पण टायर चांगले जाडजूड. आणि नियम एकच, डांबरावर चालवायची नाही. त्यांच्या इमारतीपासून वादीच्या तोंडापर्यंत, म्हणजे डोंगरातून येणाऱ्या त्या कोरड्या नदीपर्यंत, दोन किलोमीटर डांबरी रस्ता. तेवढं अंतर ते सायकल हातात धरून चालत जायचे. इमारतीचा मल्याळी वॉचमन दर शुक्रवारी विचारायचा, ‘‘साब, सैकल आपको ले जाता है, या आप सैकल को?’’ सर गंभीरपणे सांगायचे, ‘‘आधा-आधा.’’ मी एकदा म्हटलं, ‘‘सर, पहाटे या रस्त्याला कुत्रंसुद्धा नसतं. बसा की सायकलवर.’’ ते म्हणाले, ‘‘डांबर म्हणजे दुसऱ्याची घाई हो. आपण तिथे सायकल घालायची नाही.’’ मला वाटलं, म्हातारपणी सुचतात एकेकाला खुळं.

त्यांच्याबरोबर मी जायला लागलो त्याचं कारण सायकलप्रेम वगैरे काही नव्हतं. मुलगा दहावीत जाणार म्हणून बायको त्याला घेऊन पुण्याला गेली, आणि शुक्रवार-शनिवार मला खायला उठले. इकडे आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार. कपडे धुऊन, वरण-भात करून, बायकोला फोन लावून झाला तरी सकाळचे अकराच वाजलेले असायचे. फोनवर मुलगा ‘‘हं बाबा, हो बाबा, मम्मीला देतो’’ एवढंच बोलायचा. एका गुरुवारी कॅंटीनमध्ये सर समोर येऊन बसले आणि म्हणाले, ‘‘उद्या मोजायला येता का? दोन जण असले की चूक होत नाही.’’ काय मोजायचं हेसुद्धा मी विचारलं नाही. कोणी बोलावलं यातच मला भरून आलं होतं.

मोजायच्या होत्या गाड्या. वाटेच्या कडेला दोन घडीच्या खुर्च्या टाकून सहापासून दहापर्यंत बसायचं आणि किती गाड्या गेल्या ते वहीत मांडायचं. चार तासांत एकही गाडी गेली नाही. मी म्हटलं, ‘‘सर, शून्य मोजायला दोन माणसं?’’ म्हणाले, ‘‘शून्यच तर नीट मोजावं लागतं. एका माणसाला डुलकी लागली की शून्य खोटं ठरतं.’’ असे तीन शुक्रवार शून्य आलं की वाट पास. एका वाटेवर तिसऱ्या शुक्रवारी नऊ चाळीसला एक पिकअप गेली आणि सरांनी ती वाट नापास केली. मी चिडलो. तीन आठवडे उन्हात बसलो होतो! पण सर त्या पिकअपच्या मागे चालत गेले. शेवटाला एका म्हाताऱ्या ओमानी माणसाचा बकऱ्यांचा गोठा होता. त्याने खजूर आणि कहवा, म्हणजे तिकडची कॉफी, पुढे केला. सरांनी त्याला मोडक्या अरबीत विचारलं की शुक्रवारऐवजी शनिवारी चारा आणाल का. म्हातारा बराच वेळ सरांच्या सायकलीकडे, मग माझ्याकडे बघत राहिला. मी खांदे उडवले. ‘‘इन्शाल्ला,’’ तो म्हणाला. मला वाटलं, झालं, हे इन्शाल्ला आपल्याकडच्या ‘बघू’सारखं. पण म्हाताऱ्याने शब्द पाळला. पुढचे तीनही शुक्रवार शून्य आलं, आणि ती अठरा किलोमीटरची वाट पास झाली.

खडीची त्यांची स्वतःची मापं होती. कारखान्यात मिलिमीटर, बाहेर आल्यावर स्वयंपाकघर. अगदी बारीक ती रवा. मग साबुदाणा, मग हरभरा, लिंबू, बटाटा. ‘‘पुढे अर्धा किलोमीटर हरभरा आहे, हँडल सैल धरा. मग रवाच रवा.’’ बटाट्यावर उतरून चालायचं. सुरुवातीला मी हसायचो, पण एकदा लिंबाला साबुदाणा समजून वेगात गेलो आणि असा आपटलो की आठवडाभर खुर्चीत बसताना देव आठवत होता. नंतर निमूट ऐकायला लागलो.

ओमानमधल्या वाटा हा त्यांचा सराव होता. जीव होता इंग्लंडमधल्या वाटांवर. संध्याकाळी घरी आले की लॅपटॉप उघडून ते इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत हिंडायचे. बंद पडलेल्या रेल्वेच्या जागी केलेल्या खडीच्या वाटा, कालव्याच्या काठच्या वाटा, जंगलखात्याच्या वाटा, जिथे मोटारीला मज्जावच आहे. लोक सायकलीवर कॅमेरा लावून व्हिडिओ टाकतात, ते सर आवाज बंद करून पूर्ण बघायचे. कुठे लाकडी फाटक आहे, कुठे मेंढ्या आडव्या येतात, कुठे वाट रस्ता ओलांडते, सगळं वहीत. रस्ता ओलांडला की लाल खूण.

एकदा नवीन मशीन बसवायला एक इंग्लिश इंजिनियर आला. कॅंटीनमध्ये सरांनी त्याला गाव विचारलं. त्याने काहीतरी छोट्याशा खेड्याचं नाव सांगितलं, आणि वर म्हणाला, ‘तुम्हाला नाही माहीत असणार.’ सर म्हणाले, ‘‘चर्चच्या मागून दुसऱ्या फाटकातून जुनी रेल्वेची वाट सुरू होते ना? चौदा किलोमीटर. मध्ये एकदाच रस्ता ओलांडावा लागतो.’’ तो गोरा काटा हातात तसाच धरून बसला. त्याने विचारलं, तुम्ही तिथे कधी राहत होतात? सर म्हणाले, कधीच नाही. मग सरांनी विचारलं, आता पुलापाशी खडी कशी आहे? गोऱ्याने सांगितलं की तो त्या वाटेवर कधी गेलाच नाही, गाडीनेच जातो. सरांचा घास तिथेच राहिला. ‘‘घराच्या दारात वाट आहे हो,’’ मला मराठीत म्हणाले, ‘‘आणि हा माणूस गाडीने जातो!’’ त्या दिवशी त्यांनी ताक घेतलं आणि उठले.

हे सगळं कशासाठी चाललंय हे मला वर्षभराने कळलं. तेही मी उद्धटपणे विचारलं म्हणून. गाड्या मोजत बसलो होतो, ऊन चढलं होतं, घरून फोन आला नव्हता म्हणून माझं डोकं आधीच फिरलेलं. म्हटलं, ‘‘सर, हा काय वेडेपणा आहे? कोणासाठी मोजतोय आपण?’’ चष्मा पुसून झाल्यावर ते म्हणाले, ‘‘मुलीसाठी.’’

मुलगी नववीत असताना सोहारलाच होती. त्यांनीच तिला सायकल शिकवली. तिला जमायला लागलं तसं एका शुक्रवारी ते तिला घेऊन औद्योगिक वसाहतीच्या बाजूच्या रस्त्यावर गेले. सुट्टीच्या दिवशी तिथे कोणी नसतं असं त्यांनी गृहीत धरलं. मागून ट्रेलर आला. त्याच्या कडेचा पत्रा हँडलला लागला. मुलगी वाचली, कोपरात सळई घालावी लागली. ‘‘सहा दिवसांत घरी आली,’’ सर म्हणाले, ‘‘पण मागून गाडीचा आवाज आला की ती हात असा छातीशी धरते. अजून.’’ वहिनी, म्हणजे तिची आई, तिला घेऊन नाशिकला गेल्या त्या गेल्याच. भांडण म्हणाल तर झालं नाही. जाताना एवढंच म्हणाल्या की तुम्ही रस्ता बघितला नाहीत. मुलगी पुढे शिकली, इंग्लंडला नोकरीला लागली. सायकलीला तिने पुन्हा हात लावला नाही. तिच्या घरापासून सहा किलोमीटरवर एकही गाडी नसलेली वाट आहे, हे सरांनी तिला कितीदा तरी कळवलं होतं. नकाशे पाठवले, फाटकांची यादी पाठवली. उत्तर यायचं, ‘नाइस, बाबा.’

‘‘मग तुम्हीच जा ना तिकडे,’’ मी म्हणालो.

‘‘जाईन की. तिने बोलवायला हवं ना.’’

मी वहीत शून्य लिहिलं.

आणि त्या थंडीत ती स्वतःच यायची ठरली. दुबईला कसल्या तरी कामाला येणार होती, तिथून चार दिवस सोहारला. सरांनी तिच्या मापाची सायकल मस्कतहून मागवली. तिला फोनवर विचारलं, एक अशी वाट आहे जिथे गाडीच नाही, येशील? ती म्हणाली, ‘‘नक्की नाही ना, बाबा?’’ हे सांगताना सर कॅंटीनमध्ये उभेच होते, बसायचं विसरले होते. ‘‘नक्की नाही म्हटलं मी तिला. तीन शुक्रवार शून्य आहे.’’ बारा वर्षांत पहिल्यांदा तिने हो म्हटलं होतं.

आता माझी करणी सांगतो. सांगायला तोंड नाही, पण सांगतो.

सोहारला आपलं महाराष्ट्र मंडळ आहे. गणपती, दिवाळी पहाट आणि संक्रांतीची सहल. त्या नोव्हेंबरात मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी मला जेवायला बोलावलं होतं. भरली वांगी, भाकरी, सांडगे. घरचं जेवण चार महिन्यांनी पोटात गेलं आणि माणूस पाघळला. त्या म्हणाल्या, ‘‘दरवर्षी मेला तोच समुद्रकिनारा. तुम्ही एवढे हिंडता, नवीन जागा सुचवा की.’’ झालं! मी आमच्या त्या अठरा किलोमीटरच्या वाटेच्या शेवटची जागा सांगितली. बकरीवाल्याच्या गोठ्याजवळचं बोरीचं मोठं झाड, शेजारी पाण्याचं डबकं. मंडळाच्या ग्रुपवर लोकेशन पाठवलं आणि खाली हौसेने लिहिलं, ‘रस्ता कच्चा पण चांगला. ट्रॅफिक अजिबात नाही.’ दहा-बारा अंगठे आले. मला चक्क आपण कोणीतरी आहोत असं वाटलं. मग मी ते विसरून गेलो.

जानेवारीत मुलगी आली बुधवारी. शुक्रवारी सकाळी जायचं ठरलेलं. गुरुवारी दुपारी मंडळाच्या ग्रुपवर बघतो तर तिळगुळाचं चित्र आणि खाली: शुक्रवारी संक्रांत सहल, बोरीचं झाड, सकाळी साडेसातला निघणे, अकरा गाड्या. मी लगेच सेक्रेटरीबाईंना फोन केला, तारीख बदलता येईल का? ‘‘अहो, काहीतरीच काय! पन्नास माणसांचं पावभाजीचं सामान भरून झालंय.’’

मी सरांना सांगायला हवं होतं. त्यांच्या दारापर्यंत गेलोही. त्यांनी दार उघडलं, आत मुलगी सोफ्यावर पाय घेऊन बसली होती, तिच्या हातात वही होती आणि सर तिला हरभरा म्हणजे काय ते सांगत होते. ती हसत होती. ‘‘उद्या किती वाजता?’’ एवढंच विचारून परत आलो. मनाशी म्हटलं, आपली मंडळी कधी वेळेवर निघालीयेत? साडेसात म्हणजे साडेनऊ. कोणाची पर्स राहणार, कोणाचं बाळ झोपणार, कोणाला चहा हवा. तोवर आपण अठरा किलोमीटर पार. मी आपल्या लोकांच्या उशिरावर भरवसा ठेवला. पण त्या वर्षी मंडळाचे अध्यक्ष बदलले होते. नवे अध्यक्ष घड्याळाचे गुलाम. साडेसातला अकराच्या अकरा गाड्या निघाल्या.

आम्ही उजाडताच सुरुवात केली. आधी सर, मग मुलगी, मग मी. दिसायला बापासारखी उंच, बोलण्यात निम्मं इंग्रजी. पहिला किलोमीटर ती सायकल हातात धरून चालली. सरही चालले. मग ती बसली. पाय टेकवत, टेकवत. एक्स्प्रेसवेच्या खालून वादीचं पाणी जायला मोठा चौकोनी बोगदा आहे, त्यातून आम्ही गेलो तेव्हा वरून ट्रक धडधडत होते. ती थांबली. सर म्हणाले, ‘‘ते वर आहेत. खाली यायला त्यांना वाटच नाही.’’ तिने मान हलवली आणि पुढे निघाली. त्यानंतर डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात, तिथे तिला लय सापडली. पाय टेकणं बंद झालं. सर शेजारून चालले होते आणि हळूच सांगत होते, साबुदाणा आहे, आता रवा. मी मागून दोघांच्या पाठी बघत होतो. घड्याळात साडेआठ वाजलेले. म्हटलं, सुटलो.

आणि मागून आवाज आला.

तिला आमच्या आधी ऐकू आला. सायकल तिथेच आडवी झाली. ती वाटेच्या कडेला दगडाला पाठ लावून बसली आणि उजवा हात छातीशी घट्ट धरला. सर धावत गेले. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि लहान मुलीच्या आवाजात म्हणाली, ‘‘तुम्ही नक्की म्हणाला होतात.’’

‘‘हो,’’ सर म्हणाले. कसल्या गाड्या, कुठून आल्या, काही विचारलं नाही. उठून माझ्याकडे आले. ‘‘तुम्ही हिला घेऊन पुढे व्हा. दहा किलोमीटर राहिलंय, सव्वा तास लागेल. तोवर मी कोणाला सोडत नाही.’’

‘‘सर, मी थांबतो. तुम्ही जा तिच्याबरोबर.’’ खरं सांगतो, मी म्हणालो तसं.

‘‘तुमच्याने नाही होणार,’’ ते म्हणाले. रागाने नव्हे, चाळणीचा निकाल सांगावा तसं. ‘‘ओळखीचं कोणी भेटलं की तुम्ही हसता. ते चेष्टा करतील, तुम्ही हसाल, आणि बाजूला व्हाल.’’ मग मुलीजवळ जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. ‘‘मागून काही येणार नाही आता. मी आहे मागे.’’ आणि सायकल घेऊन उलटे गेले. जिथे दोन खडकांमधून एकच गाडी जाईल एवढी जागा आहे, तिथे त्यांनी सायकल आडवी टाकली आणि तिच्यापुढे मांडी घालून बसले.

तिथे काय झालं ते मला नंतर सेक्रेटरीबाईंनी सांगितलं. अध्यक्ष उतरून आले. ‘‘अहो, रस्ता काय तुमच्या मालकीचा आहे?’’

‘‘नाही.’’

‘‘मग?’’

‘‘पुढे माझी मुलगी सायकल चालवतेय.’’

‘‘मग आम्ही हळू जातो की.’’

‘‘हळूसुद्धा नको.’’

‘‘आणि नाही थांबलो तर?’’

‘‘तर मला उचलून बाजूला ठेवा. मी मारामारी करणार नाही. पण मी परत येऊन बसेन.’’ अध्यक्ष लालबुंद झाले. तेवढ्यात एक आजी गाडीतून उतरल्या, त्यांनी सरांच्या हातावर तिळगूळ ठेवला. ‘‘घ्या आणि गोड बोला.’’ सरांनी नमस्कार केला, लाडू खाल्ला आणि म्हणाले, ‘‘गोडच बोलतोय, आजी. पण सोडणार नाही.’’ मग कोणीतरी इंजिन बंद केलं. मग दुसऱ्याने. सव्वा तास अकरा गाड्या उन्हात उभ्या राहिल्या, पोरं क्रिकेट खेळली, आणि अध्यक्ष घड्याळ बघत फेऱ्या मारत राहिले.

इकडे मुलगी बराच वेळ बसून होती. मी पाणी दिलं. शेवटी उठली, सायकल उभी केली आणि मला म्हणाली, ‘‘अंकल, तुम्ही पुढे चला. मागे बघू नका प्लीज. कोणी बघितलं की मला जमत नाही.’’ मी पुढे झालो. मागे वळून बघायची माझी लायकीही नव्हती. दहा किलोमीटर मी समोरच्या खडीकडे बघत सायकल मारली आणि कानांनी मागे बघत होतो. टायरखाली खडी वाजत होती. कधी दूर, कधी जवळ. एकदा बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही आणि मी पेडल मारायचा थांबलो, मग पुन्हा खडी वाजली. एकदा वाटलं ती रडतेय, एकदा वाटलं गुणगुणतेय. देव जाणे. बोरीपाशी पोहोचून उतरलो, तेव्हा ती शेजारी येऊन उभी होती, घामाने निथळलेली, आणि आल्या वाटेकडे बघत होती. ‘‘बाबा?’’ तिने विचारलं.

बाबा तासाभराने आले. पुढे सायकलीवर ते आणि मागे सायकलीच्या वेगाने रांगणाऱ्या अकरा गाड्या. उतरले, तिच्यापाशी गेले. ‘‘बाबा, आले मी,’’ ती म्हणाली. ते म्हणाले, ‘‘पाणी प्यायलीस?’’ एवढ्यात पन्नास माणसं खाली उतरली, सतरंज्या पडल्या, कोणी स्पीकर लावला. त्या गोंगाटात बाप-लेकीला दोन शब्द बोलायला मिळाले नाहीत. बकरीवाल्या म्हाताऱ्याने आपल्या पिकअपमधून तिघांना परत सोडलं. रविवारी ती गेली.

त्याच रविवारी कॅंटीनमध्ये सरांनी मला विचारलं, ‘‘कशी चालवत होती?’’

‘‘छान,’’ मी म्हणालो.

‘‘छान म्हणजे? त्या वळणावर पाय टेकला?’’

मी म्हणू शकलो असतो की सर, मी बघितलंच नाही. पण ते ताट बाजूला सारून पुढे वाकून बसले होते. मी म्हणालो, ‘‘नाही टेकला.’’ ‘‘हात?’’ ‘‘दोन्ही हँडलवर. सैल.’’ ‘‘आणि चेहरा?’’ म्हटलं, ‘‘हसत होती.’’ त्यांनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ पुसत बसले. मग ते रोजचंच झालं. आठवड्यातून दोनदा तरी, ‘‘ते उताराचं सांगा.’’ मी सांगायचो. दर वेळी एखादी गोष्ट वाढायची. केस उडत होते, एकदा तिने हँडलवरून हात सोडून बघितला, बकऱ्या दिसल्या तेव्हा घंटी वाजवली. मला स्वतःची लाज वाटायची, आणि त्यांचा चेहरा बघून थांबवतही नव्हतं.

मार्चमध्ये तिने त्यांना एक फोटो पाठवला. दोन्हीकडे हिरवं कुंपण, मध्ये खडीची वाट, पुढे लाकडी फाटक, आणि खाली सायकलीच्या हँडलचा तुकडा. मजकूर काही नाही. सरांनी फाटक ओळखलं, वाट ओळखली, वहीतलं पान काढून मला दाखवलं. तीच ती, तिच्या घरापासून सहा किलोमीटरवरची. अख्ख्या खात्याला फोटो दाखवून झाला. मी विचारलं, ‘‘बोलावलं का तुम्हाला?’’ ‘‘फोटो पाठवला ना,’’ ते म्हणाले. एकटीच गेली असणार ती. फोटोत दुसरी सायकल नव्हती.

वयाची साठ वर्षं झाली आणि सरांचं ओमान संपलं. खलास. इकडे तसंच असतं, माणूस एका कागदाने येतो आणि एका कागदाने जातो. सायकली त्यांनी बकरीवाल्याच्या गोठ्यात ठेवून दिल्या. नाशिकला ते भावाकडे राहणार होते. मस्कतच्या विमानतळावर मी सोडायला गेलो. आत जायच्या दारापाशी त्यांनी बॅग खाली ठेवली.

‘‘मंडळाला ती जागा तुम्हीच सांगितलीत ना?’’

‘‘हो सर. तुम्हाला कधी कळलं?’’

‘‘त्याच दिवशी. अध्यक्ष म्हणाले, तुमच्याच मित्राने लोकेशन पाठवलंय.’’

‘‘सर, मी—’’

‘‘असू द्या हो.’’ त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. ‘‘एकटा माणूस जेवणाला पाघळतो. मला का माहीत नाही? आणि खरं सांगू, पहिले काही दिवस तुमचं तोंड बघवत नव्हतं मला. मग म्हटलं, मी नसलो तरी कोणीतरी होतं ना तिथे. मी नाही, पण तुम्ही तरी पाहिलंत तिला. नाहीतर बारा वर्षांनी ती सायकलवर बसली आणि कोणाच्याच नजरेला पडली नसती. पाहिलंत ना नीट?’’

मागे लोक ट्रॉल्या घेऊन खोळंबले होते. ते माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

‘‘हो सर,’’ मी म्हणालो, ‘‘अगदी नीट पाहिलं.’’